अण्णांच्या नावावर

तक्ते हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकापलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि स्वागतकक्षात नवीन आलेल्या मुलीने तर त्यांच्या टेबलासाठी ‘श्री. तक्ते’ अशी पाटीसुद्धा करून आणली होती. त्यांनी ती राहू दिली. पाटी बदलायची म्हणजे कुठला रंग, कुठलं अक्षर, असा पुन्हा एक तक्ता आला, म्हणून गप्प बसले, असं मी चारचौघांत सांगत असे. ते स्वतःही हसत. त्यांना राग येत नसे, आणि मला तर त्यांच्या वाटचाही येत असे.

काहीही घ्यायचं किंवा ठरवायचं झालं की हा माणूस कागद आडवा धरायचा, रेघा ओढायचा आणि रकाने पाडायचा. घरी फ्रीज घ्यायचा होता तेव्हा त्यांनी दुकानादुकानांतून फिरून एवढा मोठा तक्ता केला, की तो पुरा होईपर्यंत त्यातले अर्धे फ्रीज बाजारातून गेले होते. मग नव्याने सुरुवात. तोवर त्यांच्या बायकोला दूध शेजारणीकडे ठेवायला लागायचं. वहिनी शाळेत शिकवतात, बोलायला खमक्या. म्हणाल्या, “मला पसंत करताना तेवढा तक्ता केला नाही यांनी. दुसरी कुणी हो म्हणालीच नव्हती, तुलना करणार कशाशी?”

आम्ही त्यांची टिंगल करायचो, पण काही घ्यायचं झालं की त्यांच्याकडेच जायचो. माझ्या घरातला पंखा त्यांनी निवडलेला आहे. मुलाची शाळाही त्यांनीच निवडून दिली, आणि पंखा आणि मुलगा दोघेही ठीक चाललेत. रकाने नीट पाडले की उत्तर आपोआप खाली उतरतं, असं ते म्हणायचे आणि मनापासून मानायचे. देवावर विश्वास ठेवणाऱ्यांचा चेहरा जसा निवांत असतो, तसा त्यांचा तक्ता करताना असायचा.

आमचं खातं नकाशांचं. मोठ्या इमारतींत थंड हवा फिरवायला छताच्या आतून पत्र्याच्या चौकोनी नळ्या नेतात, त्यांना डक्ट म्हणतात. ते कुठून न्यायचे, कुठे वळवायचे, तुळई आडवी आली तर कसं करायचं, त्याचे नकाशे आम्ही संगणकावर काढायचो. तिसऱ्या मजल्यावर गोदामाला लागून खोली, तिला एक खिडकी, आणि खिडकीतून दिसायची ती शेजारच्या इमारतीची भिंत. थंड हवेचा धंदा करणाऱ्या कंपनीत सगळ्यात उकडणारी खोली आमची होती. त्यावर विनोद करून करून आम्ही थकलो, पण खोलीत गार वारा काही आला नाही.

आम्ही पाच जण. तक्ते आमचे प्रमुख. मी तपासनीस, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्या स्वभावाला दुसरं काही मानवलंही नसतं. सगळे मला ताई म्हणत. एक नुकतं लग्न झालेला मुलगा होता, दिवसभर कानाला फोन लावून ‘हो गं, हो गं’ करायचा, त्याचं नाव पडलं नवरदेव. खिडकीपाशी बसणारे आणि सतत एकमेकांच्या डब्यात तोंड घालणारे सुतार आणि लोहार असे दोघे मित्र होते. ती आडनावं नव्हती, एकाच्या बापाचा एक धंदा आणि दुसऱ्याच्या बापाचा दुसरा, म्हणून अण्णांनी ठेवलेली नावं. तो सुतार या सगळ्याच्या आधीच नोकरी सोडून गेला, म्हणून मोजायचा एकटा लोहार. आणि पाचवे स्वतः अण्णा.

अण्णा काही देवमाणूस नव्हते, हे आधी सांगून ठेवते. तेच ते चार विनोद, तेही शेवट विसरून. स्वतः चहा मागवला असं कधी झालं नाही. दुपारी डोळा लागला की घोरायचे. पण वयाने सगळ्यांत मोठे, कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचे, आणि आमच्यातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ‘इथे बस’ म्हणून खुर्ची त्यांनीच दिलेली होती.

त्यांचे डोळे गेले होते. पार अंधार नव्हे. मधलं दिसेना आणि कडेचं दिसे. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, नाक-डोळे नाही. आधी वाटलं चष्मा बदलला की होईल. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं कधी जाईल सांगता येत नाही. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. ती पुरी केली तर पुढे जन्मभर दरमहा काहीतरी हातात येणार होतं, आधी बाहेर पडलं तर काहीच नाही. घरी बायको आणि विधवा बहीण, दोघींचा भार त्यांच्यावर.

त्यांनी हे आम्हाला बोलावून सांगितलं नाही. एकदा माझ्याकडे नकाशा तपासायला आला, तर डक्ट सरळ जिन्यातून काढलेला. मी तोंड सोडणार, तेवढ्यात कोपऱ्यातली अण्णांची सही बघितली. नकाशा तक्तेंकडे नेला. त्यांनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि स्वतः बसून दुरुस्त केला. पुढचा नवरदेवाने केला. मग तसंच चालू राहिलं. कुणी ठरवलं नाही, शपथा घेतल्या नाहीत. सकाळी तक्ते भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर कामं लिहायचे, अण्णांच्या नावापुढचं काम आमच्यातल्या कुणाकुणाला तोंडी वाटायचे, आम्ही ते करून कोपऱ्यात अण्णांची आद्याक्षरं टाकायचो, आणि संध्याकाळी फळा पुसला जायचा. अण्णा संगणकासमोर बसून राहायचे, माउस हलवत. कुणी आलं की जरा जोरात हलवायचे.

असं छान चाललं होतं, आणि मग जावईबापू आले.

हे मालकांचे जावई. बाहेर शिकून आले, आणि सासऱ्यांनी खेळायला म्हणून आमचं खातं त्यांच्या हाती दिलं. माणूस वाईट नव्हता. कुणाशी आवाज चढवून बोलायचा नाही, येताना बिस्किटांचा पुडा आणायचा. पहिल्याच दिवशी त्याने फळ्याकडे बघून विचारलं, मागच्या महिन्यात कुणी काय केलं ते कुठे बघायचं? आम्ही म्हटलं, ते तर पुसलं. तो हसला आणि म्हणाला की हल्ली सगळे सॉफ्टवेअर वापरतात, कामं त्यातच वाटायची, त्यातच पुरी झाली म्हणून सांगायची. बाजारात बरीच आहेत, तीन त्याने काढून ठेवली होती. त्यांतलं एक निवडायचं काम त्याने दिलं तक्तेंकडे, आणि म्हणाला, “तुमच्याइतकं बारकाईने हे कुणी करणार नाही असं ऐकलंय.”

एरवी हे ऐकून तक्तेंना काय आनंद झाला असता. त्या दिवशी ते जागेवर येऊन बसले आणि बराच वेळ त्यांनी कागद काढलाच नाही.

तीन सॉफ्टवेअरांना आम्ही आमची नावं दिली. पहिलं पत्त्यांचं: प्रत्येक काम म्हणजे एक पत्ता, काम पुढे गेलं की पत्ता उचलून पुढच्या रांगेत ठेवायचा. दुसरं पट्ट्यांचं: तारखा वर आणि कामाच्या लांबच लांब पट्ट्या खाली, एक लांबली की पुढच्या सगळ्या ढकलल्या जायच्या. तिसरं घड्याळाचं: काम उघडलं की काटा सुरू, बंद केलं की थांबला, मधे कुणी पाणी प्यायला गेलं तर तेही कळणार. तिघांत एक गोष्ट मात्र सारखी. प्रत्येक कामावर एका माणसाचा फोटो, आणि कुणी काय कधी केलं त्याची नोंद, न पुसता येणारी.

तक्तेंनी अखेर तक्ता सुरू केला. वेग, सोपेपणा, फोनवर चालतं का, नकाशे जोडता येतात का, सगळे रकाने रीतसर. पण एक रकाना त्यांच्या डोक्यात होता, कागदावर नव्हता. त्यांनी तिन्ही कंपन्यांना फोन लावून तेवढं एकच घोळून घोळून विचारलं, की कुणी काय केलं ते न दाखवण्याची सोय आहे का. एका कंपनीची मुलगी हसायलाच लागली. म्हणाली, सर, लोक त्याचसाठी तर घेतात.

मग त्यांनी निवडायचंच नाही असं ठरवलं, आणि ते त्यांना इतकं सुरेख जमलं की मी थक्क झाले. जन्मभर उत्तर मिळावं म्हणून रकाने पाडणारा माणूस आता उत्तर मिळू नये म्हणून पाडायला लागला. अर्ध्यावर नवीन रकाना घालायचे, की आधीचं सगळं पुन्हा तपासणं आलं. वीज गेली तर काय, रंगांधळ्या माणसाला वापरता येईल का, कंपनी बुडाली तर आपल्या नोंदींचं काय. फुकट वापरून बघायची मुदत संपली की नव्या ईमेलवरून पुन्हा मुदत घ्यायचे. जावईबापू दर आठवड्याला विचारायचे आणि तक्ते त्यांच्यापुढे कागद पसरायचे. कागद एवढे झाले की टेबलावर मावेनात. अण्णा लांबून ऐकत असायचे. एकदा मला म्हणाले, “बाई, याने माझ्यापायी स्वतःचं हसं करून घेतलंय.” खरंच होतं ते. इतर खात्यांतले लोक तक्तेंवर हसायचे ते पूर्वीही, पण आता त्यात प्रेम उरलं नव्हतं.

शेवटी जावईबापूंचा धीर सुटला. आवाज तेव्हाही चढला नाही. ते म्हणाले की सोमवारी तुम्ही सांगा, नाहीतर मी घड्याळाचं घेतो.

घड्याळाचं आलं असतं तर पहिल्याच दिवशी अण्णा उघडे पडले असते, कारण त्यात आत शिरताना कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवावं लागायचं. पट्ट्यांच्यात आत शिरताना प्रत्येकाच्या फोनवर एक आकडा यायचा, तो टाकला तरच प्रवेश, आणि अण्णांना तो वाचून सांगणार कोण? पत्त्यांच्यात फक्त नाव आणि पासवर्ड. दुसऱ्याच्या नावाने आत जाता येतं, एवढ्या एका गुणावर तक्तेंनी पत्त्यांचं निवडलं. जावईबापूंपुढे त्यांनी सोपेपणा, रंग, मांडणी असलं सगळं सांगितलं आणि जावईबापूंनी पाठ थोपटली. बाहेर येऊन तक्ते जिन्यात बसले. मी विचारलं, बरं नाही का. म्हणाले, “ताई, मी पहिल्यांदा उत्तर आधी ठरवलं आणि तक्ता मागून भरला.” मला हसू आलं, मग त्यांचा चेहरा बघून लाज वाटली.

फळा काढून नेला. त्या जागी मोठा पडदा लागला आणि त्यावर आम्हा पाचही जणांच्या नावाने पाच खांब. जेवढी कामं पुरी, तेवढा खांब उंच. अण्णांचा पासवर्ड आम्हा सगळ्यांना पाठ. तो त्यांनी स्वतःच ठेवलेला, बायकोचं माहेरचं नाव, आणि तो आम्हाला सांगताना ते जरा लाजले होते.

आमची चूक झाली ती इथे. फळ्याच्या दिवसांत अण्णांचं काम कुणी करायचं ते तक्ते वाटून द्यायचे. आज तू, उद्या ती. आता तसं उघड बोलायची सोय नव्हती, जावईबापू काचेपलीकडे बसलेले. तेव्हा ज्याला जसं जमेल तसं त्याने करावं, असं झालं. सकाळी आल्यावर पडद्याकडे बघितलं की माझी नजर आधी अण्णांच्या खांबावर जायची. तो जरा बुटका दिसला की मी माझं काम बाजूला ठेवून अण्णांच्या नावाने शिरायचे. नवरदेवाचं तेच. लोहाराचंही तेच. आणि तक्ते तर स्वतःची पुरी होत आलेली कामंसुद्धा उचलून अण्णांच्या नावावर टाकायचे. प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे विसरले तर? स्वतःच्या खांबाकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, आणि चार खांबांच्या मधोमध अण्णांचा खांब केवढा वाढलाय हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. तो उभा दिसला की आम्ही सुखाने डबा उघडायचो.

एकदा अण्णा खालच्या मजल्यावर गेले असताना त्यांच्या नावावर एकाच वेळी दोन नकाशे पुरे झाले. नवरदेव हळूच म्हणाला, अण्णांना हल्ली चार हात फुटलेत. आम्ही खूप हसलो. सॉफ्टवेअरने त्यांना महिन्याचा मानकरी म्हणून सोनेरी तारा दिला, तेव्हाही हसलो. अण्णा तेवढे हसले नाहीत. तारा कुठे आहे तेच त्यांना दिसत नव्हतं.

मग एक मोठं काम कंपनीच्या हातून गेलं आणि मालकांनी हिशेब बदलला. नकाशे आता बाहेरच्या लोकांकडून करून घ्यायचे. इथे एकच माणूस ठेवायचा, बाहेरून आलेले नकाशे पडद्यावर बघून पास करायला. जावईबापूंनी आम्हा पाचही जणांना त्यांच्या खोलीत बोलावलं. बिस्किटं होती. त्यांनी खरोखर वाईट वाटून सांगितलं की कुणाला ठेवायचं हे ठरवणं फार जड गेलं, पण आता आपल्याकडे नोंदी आहेत, त्यामुळे पक्षपात होणार नाही. या वयात एवढं काम करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. अण्णा राहतील. आणि तक्तेंकडे वळून, अगदी हळुवारपणे, ते म्हणाले की तुमची नोंद सगळ्यांत कमी आहे, कदाचित निवड करण्यात तुमचा फार वेळ गेला असेल.

तक्ते मान हलवून हो म्हणाले. मला माझ्या खुर्चीत बसवेना. आमच्या चार घरांचा प्रश्न होता. मी तोंड उघडणार होते, उघडलंच असतं, पण माझ्याआधी अण्णा उभे राहिले. टेबलाची कड धरून त्यांनी सांगितलं, “मला दिसत नाही. यातलं एकही काम मी केलेलं नाही. या पोरांनी केलंय.”

जावईबापूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचे डोळे भरून आले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हणाले, “अण्णा, तुम्ही यांच्यासाठी स्वतःची नोकरी सोडायला निघालात. तुमचं मन मोठं आहे. पण हे बघा.” आणि त्यांनी लॅपटॉप फिरवून अण्णांच्या समोर धरला. सगळी यादी होती त्यात, तारखेसकट, वेळेसकट. अण्णांनी मान जरा तिरकी केली, जशी ते करायचे, आणि तसेच उभे राहिले.

जावईबापूंना तरीही शंका आली असावी. त्यांनी तक्तेंना विचारलं, “खरं आहे का हे?”

आता नीट सांगते, कारण पुढे मी यावर स्वतःशी पुष्कळ भांडले आहे. हो म्हटलं असतं तर अण्णा तिथल्या तिथे घरी गेले असते, तेही कंपनीला फसवल्याचा डाग घेऊन, आणि निवृत्तीनंतरचं सगळं बुडालं असतं. आम्हीही त्याच डागासकट गेलो असतो. नाही म्हटलं तर आम्ही नुसते गेलो असतो, आणि अण्णा नोकरीत राहिले असते. तक्तेंपुढे रकाने असे दोनच होते. त्यांनी वेळ लावला नाही.

“नाही सर,” ते म्हणाले. “अण्णांची कामं अण्णांनीच केलीत. चष्म्याचा नंबर वाढलाय, एवढंच.”

बाहेर आल्यावर अण्णा त्यांच्यावर उखडले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, “अरे, मी एकटा तिथे बसून करू काय?” तक्ते म्हणाले की तुम्ही काही करायचं नाही, नुसतं बसायचं. तक्ते स्वतः घरून अण्णांच्या नावाने आत शिरतील आणि रोजचं रोज उरकून टाकतील. दुसऱ्याच्या नावाने शिरता येतं म्हणून तर हे सॉफ्टवेअर घेतलं. ते बोलताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा निवांत झाला. उत्तर खाली उतरलं होतं. मीही ते खरं मानलं. खरं सांगायचं तर मला माझ्याच पुढच्या नोकरीची पडली होती.

आम्ही चौघांनी खुर्च्या सोडल्या आणि त्याच आठवड्यात कंपनीने एक साधी गोष्ट केली, जी कुठलीही कंपनी करते. माणसं सोडून गेली म्हणून बाहेरून आत शिरायची वाट बंद केली. आता पत्ते फक्त ऑफिसातल्या संगणकावर उघडणार होते, आणि अण्णांना तक्तेंना फोनवर विचारत विचारतच काम रेटणं आलं. त्या तीन सॉफ्टवेअरांच्या एवढ्या मोठ्या तक्त्यात हा रकाना तक्तेंनी घातलेला नव्हता.

मला एका ठिकाणी अर्धवेळ काम लागलं. नवरदेव सासऱ्यांच्या दुकानात बसायला लागला. लोहाराचं कळलं नाही. तक्तेंकडे मी एका दुपारी गेले ते त्यांना एक जागा सुचवायला. वहिनी शाळेत होत्या. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली, टेबल मोकळं. आलेल्या दोन-तीन नोकऱ्यांतली कुठली घ्यावी याचा तक्ता केलाय का, असं मी थट्टेने विचारलं. ते म्हणाले, एकही आलेली नाही. चहा मीच केला.

आम्ही चहा पीत असताना फोन वाजला. अण्णांचा होता. तक्तेंनी तो टेबलावर ठेवला, मला ऐकू येईल असा. अण्णा अगदी हळू बोलत होते, काचेपलीकडे कुणी असावं. पडद्यावर मधे काहीतरी लाल आलंय, ते म्हणाले, आणि त्याच्याखाली काय आहे ते दिसत नाही, सकाळपासून काहीच पुढे सरकत नाही. नकाशे साठत चाललेत. बाहेरच्या लोकांचे फोन येताहेत, अण्णा त्यांना उद्या म्हणून सांगतात. जावईबापू दुपारी येऊन विचारून गेले, तब्येत बरी आहे ना.

“मान डावीकडे करा,” तक्ते म्हणाले. “लाल जे आहे ते कडेला येऊ द्या. आता पहिलं अक्षर कसं दिसतं ते सांगा.”

अण्णा सांगायला लागले. उभी रेघ आहे. नाही, गोल आहे. परत मान फिरवली, परत सुरुवात. तक्ते बोटाने टेबलावर ते अक्षर काढत होते आणि एकेक शब्द लावत होते. मधेच कुणीतरी खोलीत आलं, अण्णा ‘हो हो, बघतोय’ असं मोठ्याने म्हणाले, आणि तो माउस जोरात हलल्याचा आवाज मी ओळखला. मग पुन्हा सुरू. माझा चहा गार झाला. अखेर वाक्य लागलं. ते एवढंच होतं, की हे काम कुणाकडे सोपवायचं ते निवडा.

तक्ते थांबले. मग विचारलं, “त्याच्याखाली नावं असतील. किती दिसतात?”

अण्णांना वेळ लागला. “एकच ओळ आहे,” ते म्हणाले. “माझंच असेल. दुसरं कुणाचं असणार?”

“मग तेच दाबा,” तक्ते म्हणाले.